गालिच्याचा रंग कपड्यांना लागतोय? पाणी लावण्याआधी दहा फडकी घ्या

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही सुटलं असेल तर तुम्हाला सांगता येईल. ठाण्याच्या घरात, संगमरवरी फरशीवर, चार महिन्यांपूर्वी प्रदर्शनातून आणलेला पाच बाय आठचा लोकरी गालिचा आहे. हँड टफ्टेड (म्हणजे गाठी न मारता, कापडात लोकर टोचून मागून चिकटवलेला), मरून जमीन, निळी किनार, दोन्ही टोकांना शिवलेली पांढरी सुती झालर. बाळ त्यावर रांगतं आणि पांढऱ्या लेगिंगचे गुडघे गुलाबी होतात. मोज्यांच्या तळव्यांचं तेच. ओल्या फडक्यानं पुसलं तर फडकं लाल. दुकानदार सांगतो, नैसर्गिक रंग आहे, दोन धुण्यांत थांबेल. सासूबाई सांगतात, मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यानं धुवा. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय.

सध्या दोघांचंही ऐकू नका. दोघंही पाणी घालायला सांगताहेत, आणि तुमच्या गालिच्याला नेमकं काय झालंय हे कळायच्या आत पाणी घालणं, हीच या प्रकरणातली सगळ्यात महाग पडणारी चूक आहे.

मी २८ वर्षं रंगाच्या धंद्यात आहे. आधी सोलापुरात टॉवेलच्या प्रोसेस हाउसमध्ये डाईंग मास्टर, मग सात वर्षं उत्तर प्रदेशात भदोहीकडे गालिच्याची लोकर रंगवायच्या कारखान्यात, आणि आता पुण्यात गालिचे धुण्या-दुरुस्तीचं काम. म्हणजे रंग चढवणाऱ्याच्या बाजूनंही बघितलंय आणि आता तो उतरतो तेव्हा शिव्या खाणाऱ्याच्या बाजूनंही.

आपल्या भाषेत यासाठी नेमके शब्द आहेत, फक्त बोलताना आपण सगळ्याला ‘रंग जातोय’ म्हणून मोकळे होतो. उन्हानं रंग विटतो. पाण्यात रंग सुटतो. घासल्यावर रंग लागतो. ही तीन वेगळी दुखणी आहेत. धंद्यात लागण्याला ‘क्रॉकिंग’ म्हणतात आणि सुटण्याला ‘ब्लीडिंग’. लागणारा रंग धाग्याच्या अंगावर नुसता बसलेला असतो, भुकटीसारखा, आणि घासलं की दुसऱ्या कापडावर जातो. सुटणारा रंग धाग्याच्या आत असू शकतो, पण पाणी मिळालं की तो विरघळून बाहेर येतो. लागणारा रंग हलकेच काढून टाकता येतो. सुटणाऱ्याला तुम्ही जितकं धुवाल तितका तो पसरत जातो. तुमच्याकडे कोरड्या मोज्यांनाही रंग लागतोय आणि ओलं फडकंही लाल होतंय, म्हणजे एक दुखणं असू शकतं किंवा दोन्ही. ते ओळखायची पद्धत खाली देतो. त्याआधी एक तिसरीच शक्यता बाजूला काढू.

नवा लोकरी गालिचा पहिले काही महिने सुटे तंतू सोडतोच. लव, म्हणजे गालिच्याचे वर उभे दिसणारे धागे, कापताना जे आखूड तुकडे आत अडकलेले असतात ते पायाखाली वर येतात. मरून गालिच्याचे मरून तंतू पांढऱ्या मोज्याच्या विणीत अडकले की लांबून रंगच लागल्यासारखा दिसतो. मोज्यावर चिकटपट्टी दाबून ओढा. पट्टीवर बारीक केस आले आणि मोजा पांढरा झाला, तर विषय संपला, काही आठवडे व्हॅक्यूम करत राहा. पट्टी स्वच्छ आणि मोजा गुलाबीच, तर पुढे वाचा. माझ्याकडे ‘रंग लागतो’ म्हणून येणाऱ्या गालिच्यांत असे निव्वळ लव गळणारे दर वर्षी निघतात, आणि माणसं पैसे न देता हसत परत जातात.

आता दहा फडकी. जुनं पांढरं सुती धोतर किंवा मलमल घ्या, खळ असलेलं नवं कापड नको. तळहाताएवढे दहा तुकडे कापा आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं एक ते दहा आकडे घाला. प्रयोगशाळेत यासाठी क्रॉकमीटर नावाचं यंत्र असतं. पांढरं कापड लावलेला एक खुंटा नऊ न्यूटनच्या दाबानं नमुन्यावर दहा वेळा पुढे-मागे फिरतो. लव असलेल्या मालासाठी त्या खुंट्याचं तोंड आयताकृती, साधारण १९ बाय २५ मिलीमीटरचं असतं, म्हणजे जवळजवळ तुमच्या दोन बोटांच्या टोकांएवढं. नऊ न्यूटन म्हणजे किती? स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दोन बोटं दाबा. काटा ९०० ग्रॅमच्या आसपास गेला की तो दाब हाताला लक्षात ठेवा. पहिल्यांदा करणारा माणूस नेहमी दुप्पट दाबतो.

गालिच्याची एक जागा ठरवा, शक्यतो सोफ्याखालची, जिथे पाय पडत नाही. फडकं क्रमांक एक दोन बोटांवर ताणून गुंडाळा, वीतभर पट्ट्यावर दहा वेळा पुढे-मागे घासा आणि बाजूला ठेवा. मग क्रमांक दोन, त्याच पट्ट्यावर. असं दहापर्यंत. सगळं कोरडं. नंतर दहाही फडकी खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात ओळीनं मांडा.

बघायचं आहे ते हे की, रंग कमी होत जातोय का.

पहिलं फडकं गडद गुलाबी, तिसरं फिकट, सातवं जवळजवळ पांढरं, असं असेल तर गालिच्याच्या अंगावर फक्त शिल्लक रंग आहे. तो मोजका आहे, आणि मोजकी गोष्ट संपते. पहिलं आणि दहावं सारखंच लाल दिसत असेल, तर रंग धाग्यात गेलेलाच नाही. तिथे कोणीही, मीसुद्धा, घरी किंवा कारखान्यात तो आता आत घालू शकत नाही.

मग दुसऱ्या जागेवर ओलं फडकं. पाण्यात बुडवून इतकं पिळा की थेंब पडणार नाही. यासाठी आणखी तीन फडकी पुरेत. मरूनवर एकदा, निळ्या किनारीवर एकदा. निळ्याला विसरू नका, लोक फक्त लालाच्या मागे लागतात. ओलं घासणं कोरड्यापेक्षा सहसा जास्त रंग घेतं, त्यामुळे त्यात थोडा रंग आला म्हणून घाबरू नका. कपड्याच्या धंद्यात एक ते पाच अशी श्रेणी असते, पाच म्हणजे पांढरं कापड पांढरंच राहिलं. गडद मरूनला कोरड्यात चार आणि ओल्यात तीन मिळाले तर मी स्वतः तो माल पाठवत असे. पण कोरडी फडकी जवळजवळ स्वच्छ आणि ओलं फडकं कुंकवात बुडवल्यासारखं, असं झालं तर तुमचा रंग सुटणारा आहे. मग पाण्यापासून शंभर हात दूर.

अजून एक मिनिटाची तपासणी. मरून भागात दोन्ही अंगठ्यांनी लव दुभंगा, जसा केसांत भांग पाडतो तसा, आणि मुळापर्यंत बघा. मूळ आणि टोक एकाच रंगाचं असायला हवं. टोक फिकट आणि मूळ गडद असेल तर ते उन्हानं विटणं आहे. उलटं असेल, म्हणजे टोक गडद आणि मूळ फिकट किंवा भलत्याच रंगाचं, तर गालिचा विणल्यानंतर वरून रंगवलेला आहे. जुने गालिचे ब्लीच करून वरून भडक रंग चढवलेला माल बाजारात भरपूर आहे, तो दिसतोही छान. काही ठिकाणी धुताना फिके पडलेले डाग नंतर शाईनं किंवा रंगाच्या पेननं झाकतात. असा रंग ठिपक्याठिपक्यानं लागतो, सगळीकडून नाही. तुमचं मोजे गुलाबी होण्याचं वर्णन ऐकून मला तसं वाटत नाही, पण बघून घ्या.

मुळात हे कशामुळे होतं, ते सांगतो, कारण त्यावरच उपाय ठरतो. लोकरीच्या धाग्याला बाहेरून खवले असतात, माशासारखे, फक्त सूक्ष्म. थंड पाण्यात रंग त्या खवल्यांच्या बाहेरच राहतो. म्हणून लडी कोमट आम्लाच्या पाण्यात सोडतात, हळूहळू उकळीपर्यंत नेतात आणि उकळी पाऊण ते एक तास धरतात. रंग आत शिरतो तो या तासात. मरूनसारख्या गडद छटेला लोकरीच्या वजनाच्या तीन-चार टक्के रंग लागतो, फिक्या बदामीला अर्धा टक्काही पुरतो. म्हणजे गडद मालात बाहेर शिल्लक राहायला रंगच जास्त. आता ऑर्डरची घाई, डिझेलचा भाव, टाकीत कोंबलेल्या लड्या. उकळी वीस मिनिटांत बंद केली तरी लडी बाहेरून मरूनच दिसते. नंतरची धुलाई हा तर पहिल्यांदा कापला जाणारा खर्च. हाताच्या गाठींचा गालिचा विणून झाल्यावर पाणी मारून, फळ्यांनी ओढून धुतात, त्यात बराच सुटा रंग निघून जातो. टफ्टेडला पाठीवर लेटेक्स, म्हणजे रबरासारखा चिकट थर, आणि त्यावर कापड चिकटवलेलं असतं. ते भिजलं की लवकर वाळत नाही, म्हणून अनेकदा त्याची तशी धुलाई होतच नाही. शिल्लक रंग थेट तुमच्या घरी येतो.

माझीही एक चूक सांगतो. सोलापुरातली गोष्ट, मे महिना, टँकरचं पाणी. एका हॉटेलसाठी मरून टॉवेलचा लॉट होता. सुती मालावरच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा काही भाग धाग्याशी न जुळता पाण्याशीच जुळतो आणि निकामी होतो. तो काढायला उकळत्या पाण्याची दोन-तीन सोपिंग, म्हणजे साबणाच्या धुलाया, लागतात. मी एकच केली. छटा तपासली, झकास. कोरडं घासून बघितलं, चार. ओलं बघितलंच नाही, कारण उत्तर काय येणार हे मला मनातून माहीत होतं. पंधरा दिवसांत हॉटेलच्या पांढऱ्या चादरी गुलाबी होऊन आमच्या दारात. पूर्ण लॉट परत धुतला तेव्हा तो एका छटेनं फिका झाला. गिऱ्हाईक ज्या खोल मरूनवर भाळलं होतं, त्यातली ती खोली न चिकटलेल्या रंगाचीच होती. तुमचा गालिचाही साफ झाल्यावर किंचित फिका दिसेल. तेव्हा बिघडला असं समजू नका, त्याचा खरा रंग तोच.

आता सासूबाईंचं मीठ-व्हिनेगर. यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते टिकलंय. सुती कापड रंगवताना पाण्यात मीठ घालतात, ते रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलतं. रंगवून झालेल्या, विणून झालेल्या लोकरी गालिच्यावर मीठ काहीही करत नाही, उलट आत राहिलं तर पावसाळ्यात दमट राहतं. व्हिनेगरची गोष्ट वेगळी. लोकरीचे अ‍ॅसिड रंग आम्लात धरून बसतात आणि अल्कलीत, म्हणजे सोड्यासारख्या क्षाराच्या पाण्यात, सैल होतात. त्यामुळे धुताना शेवटच्या पाण्यात थोडं आम्ल असणं चांगलंच, मीही वापरतो. पण थंड पाण्यातलं व्हिनेगर बाहेर बसलेल्या रंगाला आत घालत नाही. त्याला उकळी लागते, आणि लेटेक्सची पाठ असलेला गालिचा कोणी उकळत नाही. शिवाय तुमची फरशी संगमरवराची. त्यावर व्हिनेगर सांडलं तर पॉलिश कायमचं खाऊन टाकेल. साध्या कपड्यांची धुण्याची पावडरही वापरू नका. ती अल्कलीची असते, रंग सैल करते आणि लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतवून घट्ट करते.

दुकानदाराच्या ‘नैसर्गिक रंग’बद्दल: निळीच्या बाबतीत त्याच्या बोलण्यात तथ्य असू शकतं. नीळ, झाडाची असो की कारखान्याची, धाग्यावर न विरघळणारे कण होऊनच बसते आणि थोडी घासून जातेच. जीन्सचं उदाहरण घरोघरी आहे. पण तुरटी लावून मंजिष्ठेनं नीट रंगवलेली आणि धुतलेली लोकर असा गुलाबी माग सोडत फिरत नाही. नैसर्गिक म्हणजे कच्चा, हे समीकरण रंगाऱ्यांनी नाही, विक्रेत्यांनी केलंय. आणि ‘दोन धुण्यांत थांबेल’ हे म्हणणारा दुकानदार धुणार नसतो, तुम्ही धुणार असता. गच्चीवर पाइप लावून टफ्टेड गालिचा धुतला की काय होतं ते बघा: पाणी पाठीत शिरतं, वाळताना वरच्या टोकांकडे चढतं आणि विरघळलेला रंग सोबत घेऊन येतं. पाणी उडून जातं, रंग टोकावर राहतो. धुतल्यानंतर आधीपेक्षा जास्त रंग लागायला लागला, अशी तक्रार त्यामुळेच येते. पांढरी झालर तर पहिल्याच तासात गुलाबी होते आणि ती परत पांढरी करणं हे गालिचा धुण्यापेक्षा अवघड काम.

ठाण्याच्या हवेचाही यात वाटा आहे. लोकर हाताला ओली न लागता स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा धरू शकते. जुलैत तुमचा ‘कोरडा’ गालिचा कोरडा नसतोच. त्यात बाळाची लाळ आणि घामट गुडघे. हाच गालिचा जानेवारीत नागपुरात असता तर कदाचित तुम्ही हा प्रश्न विचारलाच नसता. म्हणून चाचणी पावसाळ्यात केली असेल तर तसं लिहून ठेवा.

फडकी कमी-कमी लाल होत गेली तर काय करायचं: गालिचा दोन्ही दिशांनी नीट व्हॅक्यूम करा, फिरता ब्रश बंद ठेवून. मग जुना पांढरा टर्किश टॉवेल हातावर गुंडाळून लवेच्या दिशेनं कोरडाच पुसा, टॉवेलची बाजू बदलत. रोज दहा मिनिटं, दोन आठवडे. कंटाळवाणं आहे, पण मला याहून सुरक्षित पद्धत सापडलेली नाही. नंतर पुन्हा एक फडकं घासून बघा. त्यानंतरही लागत असेल तर गालिचा धुणाऱ्या चांगल्या माणसाकडे द्या. त्याला विचारा, प्रत्येक रंगावर आधी चाचणी घेणार का, आणि शेवटचं पाणी आम्लाचं असणार का. दोन्हींना ‘हो’ आलं तर द्या. ‘स्टीम मारतो, सगळं निघतं’ असं म्हणाला तर चहा पाजून निरोप द्या.

दहावं फडकंही लाल असेल, किंवा ओल्यात धो-धो रंग सुटत असेल, तर स्वतः काही करू नका. फडकी क्रमानं कागदावर टाचा, तारीख घाला, बिलासोबत विक्रेत्याला लेखी तक्रार द्या. मालात दोष आहे, तुमच्या वापरात नाही. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. नुसतं ‘रंग जातो’ म्हटलं की समोरचा वाद घालतो, आकडे घातलेली दहा फडकी पुढे ठेवली की घालत नाही, हा माझा अनुभव.

बाळाबद्दल. मी डॉक्टर नाही, त्यामुळे त्वचेबद्दल काही बोलणार नाही. रंगवाला म्हणून एवढंच सांगतो की १९९०च्या दशकात भारत सरकारनं ११२ रंगांवर बंदी घातली, त्यातले ४२ बेंझिडीनवर आधारलेले आणि ७० इतर अझो रंग. पण तुमच्या गालिच्यात कोणता रंग आहे हे बघून मला किंवा दुकानदाराला सांगता येणार नाही, प्रयोगशाळेतच कळेल. निकाल लागेपर्यंत बाळाला त्यावर सोडू नका. सध्यापुरती एक जाड सतरंजी अंथरा, वेगळी, गालिच्यावर नाही. गालिच्यावर टाकलीत तर तीही गुलाबी होईल.

लागलेल्या डागांचं पटकन. लेगिंगला इस्त्री करू नका, उष्णतेनं डाग पक्का होतो. वेगळं धुवा, आणि पांढरं सुती असेल तर कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीच घालून दोन-तीन तास भिजवा. संगमरवरावर गुलाबी छटा आली असेल तर मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि टाल्कम पावडर यांचा लापशीसारखा लेप करून डागावर थापा, वर प्लास्टिक लावून रात्रभर ठेवा. आधी कोपऱ्यात बघा. लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर यांतलं काहीही नको, हे कोटा फरशीलाही लागू. आणि सोफा रेक्झिनचा असेल तर तो आजच गालिच्यापासून हातभर सरकवा. रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलासारखं द्रव्य असतं ते रंगाला आत ओढून घेतं. कापडाचा डाग निघतो, रेक्झिनचा सहसा निघत नाही.

गालिच्याखाली न घसरणारी रबरी जाळी घातली आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीये. संगमरवरावर तुमचा मुख्य त्रास वेगळा आहे, पण कोणाकडे व्हिनाइलची फरशी असेल तर रबराखाली जो पिवळट चौकोन उमटतो तो गालिच्याचा रंग नसतो, रबरातलंच रसायन असतं. त्यासाठी गालिच्याला दोष देऊ नका. तुमच्याकडे फरशी आणि गालिचा यांच्यामध्ये सध्या एक जुनी पांढरी चादर घाला. आठवड्यानं ती उचलून बघितलीत की पाठीकडूनही रंग येतोय का ते आपोआप कळेल.

फडकी झाली की फोटो पाठवा. पहिलं आणि दहावं एकाच चौकटीत, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. सोबत भांग पाडलेल्या लवेचा एक जवळून, आणि झालर जिथे शिवली आहे तिथला एक. कोरडी आणि ओली फडकी एकत्र ठेवू नका, ओल्यांचा रंग कोरड्यांना लागेल आणि सगळी मेहनत वाया जाईल.